बुटांवरचा लेख आणि हमालाची पाठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

'डेडलिफ्ट सुधारायची तर आधी पायाकडे बघा' या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. (डेडलिफ्ट म्हणजे प्लेटा लावलेला लोखंडी बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं.) पहाटे साडेपाचला व्यायामाला निघताना ती वाचली, आणि त्या दिवशी माझं वार्मअपमध्येही लक्ष लागलं नाही. इतरांनाही कळावं म्हणून ती जशीच्या तशी देतो:

"अर्धा लेख बुटांवर वाया घालवलाय. मार्केट यार्डातले हमाल अनवाणी पायांनी क्विंटलची पोती उचलतात, त्यांना कुठले बूट आणि कुठलं टेक्निक? चाळीस किलो उचलणाऱ्या पोराला साडेतीन हजारांचे बूट घ्यायला लावताय. पाठ सरळ ठेवा म्हणता, पण जगातले मोठे लिफ्टर गोल पाठीने उचलतात. फोटोत तुमचाच बार पायापासून लांब आहे. आधी स्वतः किती उचलता ते सांगा, मग शिकवा. असले लेख लिहिण्यापेक्षा दोन सेट जास्त मारा."

मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. सहा वर्षं लिहितोय, आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर दिलंय. पण 'वाया घालवलाय', 'असले लेख', 'मग शिकवा' ही कुठली भाषा? आपण समोरासमोर भेटलो असतो तर तुम्ही असं बोलला असतात का? आपल्या खान्देशात माणूस भांडायला आला तरी आधी 'भाऊ' म्हणतो, मग भांडतो. तुमच्या सहा ओळींत तो शब्द एकदाही नाही. तो लेख लिहायला मला तीन रविवार लागले. आवडला नसेल तर 'पटलं नाही' एवढं लिहून चाललं असतं.

फोटोचं तुमचं बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. बार दोन बोटं पुढे दिसतोय. पुतण्याने तो फोटो सेट सुरू व्हायच्या आधी काढला होता आणि मी न बघता टाकला. बदलतो.

आता त्या हमालांच्या वाक्याकडे येतो. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, हे सोडणार नाही.

माझे वडील हमाल होते. आमच्या तालुक्याच्या मार्केट यार्डात त्यांनी सव्वीस वर्षं पोती वाहिली. ज्वारी, हरभरा, भुईमूग, हंगामात कापूस. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचो. त्यामुळे हमाल पोतं कसं उचलतो हे मला कुणी सांगायची गरज नाही. आणि तुम्ही ते नीट पाहिलेलं नाही, हे तुमच्या वाक्यावरूनच कळतं.

क्विंटलचं पोतं एकटा हमाल जमिनीवरून उचलत नाही. दोघं जण त्याचे कान धरून ते वर घेतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तिसरा आधीच गुडघे थोडे मोडून, पुढे झुकून, पाय रोवून तयार असतो. पोतं मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये बसतं. म्हणजे ओझं पायांच्या बरोबर वर येतं आणि मग तो चालू लागतो. डेडलिफ्टमध्ये ओझं तुमच्या पुढे, हातांना लोंबतं, आणि ते जमिनीवरून एकट्याने सोडवायचं असतं. दोन्ही कामं अवघड आहेत, पण ती एक नाहीत. एकाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि 'कुठलं टेक्निक' म्हणता? नवीन पोरगा कामाला आला की पहिले आठ दिवस वडील त्याला भरलेलं पोतं पाठीवर घेऊ देत नसत. दोघांमधला एक म्हणून कान धरायला लावत आणि एकच गोष्ट सांगत राहत: "आंगले लाईसन उचल." अंगाला लावून उचल. डेडलिफ्टवर आजवर जेवढं लिहिलं गेलंय त्यातलं निम्मं त्या तीन शब्दांत आहे. त्यांना टेक्निक नव्हतं असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, आणि तो तुम्ही त्यांचं कौतुक करतोय अशा थाटात केलाय. म्हणून मला लागलं.

आता अनवाणी पायांचं. ट्रकला फळी लावलेली असायची. वडील चप्पल लिंबाखाली काढून ठेवत, कारण फळीवर चप्पल सरकते. पोतं पाठीवर आलं की पहिलं पाऊल फळीवर ठेवून ते क्षणभर थांबत. आधी टाच टेकायची, मग चवडा, मग बोटं पसरायची. अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब होऊन लाकडाला धरायचा. मी खाली डबा घेऊन उभा असायचो, माझ्या डोळ्यांसमोर तो पायच यायचा. तळव्याला फळी पूर्ण लागली याची खात्री झाल्याशिवाय दुसरा पाय उचलला जात नसे. भाऊ, माझ्या लेखात मी दुसरं काय लिहिलंय? तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेला हवा आणि मध्ये दबणारं काही नको. तुम्ही जो दाखला माझ्या विरोधात दिलात, तो माझाच मुद्दा आहे.

आणि तो दाखला देताना पुढचंही सांगायचं असतं. बावन्नाव्या वर्षी वडिलांना जेवायला खाली मांडी घालून बसता येईना. पाटावर, मग खुर्चीवर. रात्री कूस बदलताना आईला उठवावं लागायचं. तेव्हा 'हमाल उचलतात, त्यांना काही होत नाही' असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर आमच्या घरी येऊन म्हणा.

दबणाऱ्या तळव्याचं आता थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे तुमचा आणि बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. पळायच्या बुटाचा तळवा फोमचा असतो. टाचेकडे तो जाड आणि चवड्याकडे पातळ, फरक साधारण 8 ते 12 मिलिमीटर. पळताना दर पावलाला बसणारा दणका शोषून घ्यायला तो केलेला आहे आणि त्या कामाला तो चांगलाच आहे. पण हातात शंभर किलोचा बार असताना तोच फोम पायाखाली दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. गेल्या महिन्यात आमच्या जिममध्ये एक पोरगा 100 किलो ओढत होता. मी बाजूला खाली बसून त्याची टाच बघत होतो. बार जमिनीवरून सुटायच्या आधी डाव्या बुटाचा तळवा आतल्या बाजूला चेपला, घोटा आत कलला, गुडघाही त्याच्यामागे गेला. बार वाकडा वर आला. त्याला बूट काढायला लावले आणि मोज्यांवर तेच वजन ओढायला सांगितलं. बार सरळ वर आला. त्याची ताकद दोन मिनिटांत वाढली नव्हती. पायाखालची जमीन तेवढी हलायची थांबली होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2017 साली मी स्वतः पळायच्या बुटांत 120 किलो ओढताना पाठ धरून बसलो. टाच उंच असल्यामुळे वजन चवड्यावर गेलं आणि बार नडगी सोडून पुढे निघाला. पाचेक सेंटिमीटर असेल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 120 किलो 5 सेंटिमीटर पुढे जाणं म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सहा किलोचं जास्तीचं ओझं टांगणं, आणि त्या दांड्याचं दुसरं टोक तुमच्या कमरेत. रावेर-यावलकडे केळी कापायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. घड खांद्यावर घेतला की माणूस बांधावरून गप्पा मारत चालतो. तोच घड हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं जाणार नाही. वजन तेच असतं, फक्त अंगापासून लांब गेलेलं असतं. मला सहा आठवडे वाकून चपलेचा पट्टा लावता येत नव्हता, भाऊ. त्या सहा आठवड्यांत वडिलांचे ते तीन शब्द मला पहिल्यांदा खरे समजले.

त्यानंतर मी ओढायचं पहिल्यापासून शिकलो. बार पायाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बुटाच्या नव्हे तर टाचेपासून बोटांपर्यंतच्या पूर्ण पायाच्या मध्यावर येईल असं उभं राहायचं. नडगी आणि बार यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर. बार न हलवता खाली वाकून धरायचा, मग नडगी बारला लागेपर्यंत गुडघे पुढे आणायचे. इथे बहुतेक जण बार स्वतःकडे ओढून घेतात आणि सगळं मांडलेलं बिघडवतात. मग छाती वर, पोटात श्वास भरून पोट कडक, बगलेत वर्तमानपत्र दाबून धरल्यासारखी बगल आवळलेली. आणि झटका न देता आधी बारमधला ढिलेपणा काढून घ्यायचा. प्लेटांच्या भोकात बार वर टेकल्याचा 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो आला की पायांनी जमीन खाली ढकलायची. बार नडगीवरून, मांडीवरून घासतच वर आला पाहिजे. वर गेल्यावर सरळ उभं राहायचं, मागे कलायचं नाही. उतरवताना आधी खुबे मागे, बार गुडघ्याखाली गेल्यावर गुडघे मोडायचे.

चाळीस किलोच्या पोराचा विषय तुम्ही काढलात म्हणून एक गोष्ट, जी मूळ लेखात राहून गेली. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटेचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. आपल्याकडच्या जिममध्ये दहा-दहा किलोच्या लोखंडी प्लेटा त्याहून खूप लहान असतात. नवशिका पोरगा त्याच लावतो, बार पार खाली जातो आणि त्याची कंबर गोल झाल्याशिवाय हात पोचतच नाही. दोन्ही बाजूंना प्लेटांखाली लाकडाच्या फळ्या सरकवा. सुताराकडे तुकडे पडलेले असतात.

साडेतीन हजारांचं म्हणाल तर ज्याला परवडतं त्याने घ्यावेत, नाही त्याने घेऊ नयेत. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

गोल पाठीचंही तसंच. तुमच्या डोळ्यासमोर कोन्स्टँटिन्स कोन्स्टँटिनोव्हस असणार. लॅटव्हियाच्या त्या माणसाने 2009 मध्ये बेल्टशिवाय 426 किलो ओढले आणि त्याची पाठ गोल दिसते हे खरं. पण गोल असते ती वरची पाठ. ती आधीच गोल करून, तशीच घट्ट धरून तो ओढायचा. ओढता ओढता कंबर मोडणं वेगळं. त्यामागे त्याची कित्येक वर्षांची तयारी होती. पहिल्या वर्षाच्या पोराला तो व्हिडिओ दाखवू नका, एवढंच सांगतो.

मी किती उचलतो? वजन 81 किलो, वय 43, गेल्या दिवाळीआधी 185 किलो, कमरेला बेल्ट लावून, पण हाताची पकड बारला बांधणाऱ्या पट्ट्यांशिवाय. तुम्ही तुमचा आकडा सांगितला नाहीत, मीही विचारत नाही. आणि दोन सेट जास्त मारायचा सल्ला मला देऊ नका. सव्वीस वर्षं रोज शंभर-शंभर फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलोय.

बुटांबद्दल ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी पुन्हा थोडक्यात. जिममध्ये चालत असेल तर मोजे घालून ओढा. बरेच जिमवाले अनवाणी ओढू देत नाहीत, पायावर प्लेट पडायची त्यांना भीती असते आणि ती रास्त आहे. मग शाळेच्या पीटीचे सपाट कॅनव्हासचे बूट घ्या, ते पुरतात. कुस्तीचे बूटही उत्तम. तळवा पातळ, घोट्याला आधार, आणि फरशीवर सरकत नाहीत. ओलिंपिक वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाच साधारण 2 सेंटिमीटर उंच आणि टणक असते. ती स्क्वॅटला, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठायला, कामाची. डेडलिफ्टला ती गुडघे पुढे ढकलते आणि बहुतेकांना अडचणच होते. स्पर्धेत उतरायचं असेल तर आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमांत अनवाणी चालत नाही आणि डेडलिफ्टला नडगीभर मोजे लागतात. तिथले लिफ्टर कागदासारख्या पातळ तळव्याच्या स्लिपर घालतात, कारण तळवा जेवढा पातळ तेवढा बार कमी उंच न्यावा लागतो. एवढ्यासाठी मी अर्धा लेख खर्च केला आणि मला त्याचा पस्तावा नाही.

काल रात्री तो लेख मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. चौथ्या परिच्छेदात 'चांगले लिफ्टिंगचे बूट घ्या, साडेतीन हजारांपर्यंत मिळतात' असं वाक्य आहे, आणि कॅनव्हासचे बूट त्यानंतर बऱ्याच खाली येतात. घाईत वाचणाऱ्याला तुमच्यासारखं वाटू शकतं. ते वाक्य आज बदललंय. आता तिथे 'आधी बूट काढून बघा, मग सपाट बूट घ्या' असं आहे. फोटो रविवारी नवीन काढतो, बार नडगीला लागलेला. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, ती तिथेच राहील, त्याखाली हे उत्तरही राहील.