सोवळ्यातली हातभट्टी

चहाचा कप प्यायल्यावर विसळायचा असतो, ही गोष्ट माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हती. सिंकमध्ये ठेवलेल्या कपाचं पुढे काय होतं हा त्याच्या मते नियतीचा प्रश्न. हाच माणूस हल्ली रविवारी उजाडायच्या आत उठतो, पिंपं घासतो, नळ्या धुतो, मग सगळं पुन्हा जंतुनाशकाच्या पाण्यातून काढतो आणि मी जवळून नुसती गेले तरी खेकसतो, "शिवू नकोस!"

आजी गेल्यानंतर हे दोन शब्द मी घरात प्रथमच ऐकले. आजी लोणचं घालताना म्हणायची. हा बिअर करताना म्हणतो.

आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत बर्टन-अपॉन-ट्रेंट. तिथल्या जमिनीत जिप्सम, त्यामुळे विहिरींचं पाणी जड आणि त्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात हे गाव बिअरसाठी जगभर गाजलं. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर पब आहे. तिथे बिटर मिळते. तांबूस रंग, फेस बेताचा, तळघरातल्या ११ ते १३ अंशांवर ठेवलेली, जेमतेम चार टक्क्यांची साधी इंग्लिश बिअर. पैसे टाकले की ग्लास पुढे येतो आणि प्यायल्यावर तो ग्लास दुसरंच कुणीतरी धुतं. ही व्यवस्था मला तरी निर्दोष वाटते. पण नवऱ्याला बिटर 'धान्यापासून' करायची होती. तयार अर्काचा डबा मिळतो, त्यात पाणी ओतलं की झालं, हे मी सुचवून पाहिलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

मग घरात पोती आली. मॅरिस ऑटर नावाच्या जवाचं माल्ट चार किलो, रंगासाठी पाव किलो क्रिस्टल माल्ट, फगल आणि गोल्डिंग्ज नावाच्या हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची पाकिटं आणि जिप्समची पुडी. बर्टन इतकं जवळ असून तिथलं पाणी आमच्या नळाला येत नाही म्हणून ते पुडीतून आणायचं.

नेमक्या तेव्हाच सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी मूठभर दाणे हातात घेतले, एक चावून पाहिला आणि म्हणाल्या, "मोड आणून वाळवलेत. नाचणीचं सत्त्व करतात तसं. कोणाच्या बाळासाठी?"

"आई, बिअर करतोय."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. सांगलीकडे घरात दारू करणाऱ्याचा शेवट कसा होतो, हे त्यांनी पेपरात वाचलेलं. "म्हणजे हातभट्टी?"

"हातभट्टी वेगळी, ती गाळतात. ती इथेही बिनपरवाना चालत नाही. ही फक्त आंबवतात." मग त्याने इतिहास सुरू केला. १८८०च्या कायद्याने घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ साली मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्यांनी ती अट काढून टाकली. आता घरच्यापुरती हवी तेवढी करा, फक्त विकायची नाही.

"विकायची नाही? मग किती करणार आहेस?"

"चाळीस पाइंट."

एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

दळलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवायचं असतं. त्याचं तापमान ६६ अंश हवं. फार खाली घसरलं तर बिअर पातळ आणि कोरडी होते, फार वर चढलं तर जड आणि गोडसर. दोन्ही टोकांच्या मधोमध उभं राहून नवरा थर्मामीटरकडे बघत होता. तेवढ्या एकाग्रतेने त्याने आमच्या मुलाचा ताप कधी पाहिलेला नाही. मग ऊब टिकावी म्हणून तो वर गेला आणि माझी जयपुरी रजई घेऊन आला. पाहुण्यांनाही मी जपून देते ती. ती त्याने पिंपाला गुंडाळली आणि वरून दोरीने बांधली. रजईला माल्टचा वास अजून आहे.

तासाभराने नळ उघडला आणि मधाच्या रंगाचं गरम, चिकट पाणी खाली आलं. वरून हा तांब्या-तांब्याने गरम पाणी सोडत होता, दाण्यांतला उरलासुरला गोडवा उतरावा म्हणून. सासूबाईंनी वाटी पुढे केली. अजून त्यात दारूचा थेंब नाही याची तीन वेळा खात्री करून घेतली आणि घोट घेतला.

"गोड आहे की! छान आहे. थोडी वेलची घाल."

"आई, बिटरमध्ये वेलची नसते."

"घालून तर बघ."

उकळायला ठेवलं तेव्हा खरी परीक्षा आली. पहिल्या उकळीला फेस असा वर येतो की भांडं, शेगडी, ओटा काही बघत नाही. नवरा हॉप्सचं वजन करत पाठमोरा. मी ओरडणार तेवढ्यात सासूबाईंनी शांतपणे हात ओला केला आणि फेसावर पाणी शिंपडलं. फेस बसला. त्या क्षणापासून हातभट्टीला त्यांची मान्यता मिळाली, किंवा निदान देखरेख तरी.

फगल सुरुवातीला पडतं आणि तासभर उकळतं, कडवटपणासाठी. शेवटच्या पंधरा मिनिटांत वाळलेलं समुद्रशेवाळ जातं, बिअर नितळ व्हावी म्हणून. गोल्डिंग्ज अगदी अखेरीस, वासासाठी. खिडक्या उघड्या ठेवूनही तो वास पडद्यांत, माझ्या केसांत आणि फ्रिजमधल्या शिऱ्यात गेला.

आणि मग गॅस बंद झाला आणि सोवळं सुरू झालं.

तोपर्यंत सगळं चालतं, कारण पुढे उकळी आहे. एकदा उकळी गार व्हायला लागली की गोड पाण्यावर जगातला प्रत्येक जंतू टपलेला असतो. झाकण, चमचा, नळी, पिंप, प्रत्येकावर नवरा फवारा मारत होता. मी मीठ घ्यायला हात पुढे केला तर हातावरही मारला. आजीच्या काळात निदान ठरावीक माणसंच ओवळी असायची, इथे अख्खं घर ओवळं. सासूबाई मात्र खूश. "माझ्या सासूबाईंनंतर इतकं कडक कुणी पाळलेलं पाहिलं नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. आणि मी फ्रिज उघडायला गेले तेव्हा "अगं, त्याला शिवशील!" हेही त्याच म्हणाल्या.

यीस्ट पडलं आणि पिंप जिन्याखालच्या कपाटात गेलं. यीस्टला १८ ते २० अंश लागतात. मला थंडी वाजली की या घरात स्वेटर घालायचा असतो. यीस्टला वाजली की हीटिंग लागतं. रात्री कपाटातून डुबुक, डुबुक ऐकू यायचं. नवरा ते ऐकायला पायरीवर बसायचा. सासूबाईंनी फोनवर बहिणीला वृत्तान्त दिला, एक शब्द खोटा न बोलता. "पहाटे उठतो, भांडी स्वतः घासतो, कुणाला शिवू देत नाही. जव आणलेत. हो गं, खूप बदललाय." पलीकडे मावशी बहुधा हात जोडून बसल्या असाव्यात.

उरलेला चोथा शेजारच्या आजोबांच्या कोंबड्यांना गेला. मोबदल्यात आजोबांनी अंडी दिली आणि एक आठवण. तरुणपणी त्यांनीही बिअर केली होती. आंबणं पुरतं व्हायच्या आधीच बाटल्या भरल्या आणि एका रात्री कपाटात एकेक करून सगळ्या फुटल्या. बायकोला वाटलं, चोर गोळ्या झाडतायत. हे सांगताना ते फार हसले. नवरा हसला नाही.

त्यानंतर तो रोज हायड्रोमीटर बुडवायचा, आंबायची साखर किती उरली ते घनतेवरून कळावं म्हणून. सुरुवातीला १.०४० होतं ते १.०१० पर्यंत उतरायला हवं आणि तिथेच थांबायला हवं. थांबलं. मग फेसासाठी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर. सासूबाईंनी अंदाजाने टाकायला घेतली तर तो किंचाळला. बाटल्यांना पुन्हा दोन आठवडे ऊब पाहिजे आणि घरातली सगळ्यात उबदार खोली सासूबाईंची. म्हणून चाळीसेक बाटल्या त्यांच्या पलंगाखाली गेल्या. आजोबांची गोष्ट आठवून दुसऱ्याच रात्री नवरा त्या हलवायला गेला.

"हलवू नकोस," अंधारातून आवाज आला. "तूच म्हणालास ना, तळाचा गाळ ढवळतो? झोप जा."

दोन आठवड्यांनी आजोबांना बोलावलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, अर्धा रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाले, "नॉट बॅड." डर्बीत याच्या वर दाद नसते. नवऱ्याने ती रात्री झोपेपर्यंत मला चार-पाच वेळा ऐकवली.

सासूबाईंना अर्थ विचारावासा वाटला. मी सांगितला.

"वाईट नाही, एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्या खटाटोपानंतर? मी तेव्हाच सांगत होते, वेलची घाल."