परदेशी कंपनी चकाचक, मग पिवळं पाणी कुणाचं?

परवा टपरीवर विषय निघाला की सगळी परदेशी गुंतवणूक पुण्या-मुंबईला जाते, नाशिकला काहीच मिळत नाही. खरंय, पोरांना नोकऱ्या पाहिजेतच, मी स्वतः नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बारा वर्षं काढली, घर त्याच पगारावर उभं राहिलं. पण कंपनी आली की तिच्यासोबत काय काय येतं हे आपण विचारतच नाही.

कोडाईकनालचं बघा, अमेरिकेतल्या वॉटरटाऊनचा जुना थर्मामीटरचा कारखाना उचलून 80 च्या दशकात तिथे आणला, 2001 ला भंगारवाल्याकडे पाऱ्याच्या काचा सापडल्या म्हणून बंद झाला, कामगारांशी तडजोड व्हायला 2016 उजाडलं. भोपाळमध्ये 1984 ला माणसं मेली, आणि त्या कारखान्याच्या आवारातला 337 टन विषारी कचरा हलला 2025 च्या जानेवारीत. चाळीस वर्षं तिथेच पडून!

आता लोक म्हणतात नव्या कंपन्या तशा नाहीत, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. आम्ही ज्या परदेशी कंपनीला पार्ट द्यायचो तिचा प्लांट आरशासारखा, स्वतःचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), ऑडिटला बाहेरून माणसं यायची. पण प्लेटिंग, म्हणजे पार्टवर क्रोमचा मुलामा चढवणं, तिथे होतच नव्हतं ना! ते आमच्यासारख्या शेडमध्ये जॉबवर्कला यायचं. क्रोमचा पार्ट धुतला की पाणी पिवळं होतं, ते तसंच सोडता येत नाही, आधी ॲसिडमध्ये बायसल्फाईट टाकून त्यातल्या क्रोमचं विष मारायचं, मग चुना टाकून गाळ खाली बसवायचा, तो गाळ परत पैसे भरून रांजणगाव नाहीतर तळोजाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा. ह्या सगळ्याला खर्च येतो, आणि त्या कंपनीचा परचेसवाला दरवर्षी रेट कमी करून मागायचा. मग रात्रपाळीला त्या पिवळ्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह नाल्यात उघडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय आणि गप्प बसलोय, ते अजून टोचतं. इकडचे नाले नंदिनी नदीला जातात, नंदिनी गोदावरीला.

म्हणून दावोसला परदेशी गुंतवणुकीचा करार झाला की नुसते कोटी मोजू नका. कंपनीचं प्लेटिंग, पेंटिंग कोण करणार, आणि त्याच्या रेटमध्ये ईटीपीचा खर्च धरलाय का, हे करारात लिहून घ्या. मोठ्या गेटच्या आत तपासणी करून काय उपयोग, पाणी मागच्या गल्लीतून चाललंय.

सातपूर-अंबडला प्लेटिंगमध्ये काम केलेलं कुणी असेल तर खाली लिहा, नाव नको, फक्त तुमच्या शेडचं पाणी कुठे जायचं ते सांगा.