परत तेच, लॉक ढिलं!

लाखाच्या वरचं घड्याळ, आणि चेनचं लॉक दर उन्हाळ्यात ढिलं! बसमध्ये दांडी धरायला हात वर केला की खट्‌कन उघडतं. जीव नुसता वर-खाली होतो.

दोष साधा आहे. लॉकच्या घडीतलं पातळ पातं रोजच्या उघडझापीनं ताण सोडतं, अडकायची कड झिजते. त्यात आमचा मराठवाड्यातला मे महिना! पारा 42 च्या वर, घाम आणि फुफाटा खाचेत बसला की कानशीसारखा धातू खातो.

शोरूमवाल्यांचं ठरलेलं उत्तर: “मुंबईला पाठवावं लागंल, पूर्ण लॉकच बदला.” अहो, पात्याला केसभर बाक दिला तरी भागतं! संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिरानं डोळ्याला भिंग लावून, चिमट्याला कापड गुंडाळून अलगद दाबलं, लॉक घट्ट बसलं. पैसेही घेत नव्हते काका. पण सारखं वाकवलं तर पातं तुटंल, हेही त्यांनीच बजावलं.

मग सुटं पातं, सुट्या पिना इथंच का मिळू नयेत? एवढे पैसे मोजून घेतात, संभाजीनगरात, नांदेडात, लातुरात चार सुटे भाग ठेवायला काय जातंय यांचं?