रजा मंजूर, पण लॅपटॉप सोबत ठेवा!
अमेरिकेत कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा संघीय कायदा १९९३ पासून आहे, आणि तरीही आजारी आईच्या शुश्रूषेसाठी रजा मागणाऱ्याकडे मनुष्यबळ विभाग त्याने जणू कंपनीची तिजोरीच मागितली आहे अशा नजरेने पाहतो, याचा आता मनस्वी वीट आला आहे. मिळते तरी काय, तर वर्षाला १२ आठवडे, तेही बिनपगारी. आणि तेवढ्यासाठीसुद्धा कंपनीत किमान ५० कर्मचारी, वर्षभराची नोकरी आणि १,२५० तासांचे काम अशा अटी! (सासू-सासऱ्यांचे आजारपण तर या कायद्याच्या खिजगणतीतही नाही.) रजेचे कारण कळल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत पात्रतेविषयी कळवणे ही मालकाची जबाबदारी असते आणि पहिल्यांदा रजा मागताना कर्मचाऱ्याने कायद्याचे नाव घेण्याचीही गरज नसते, पण आमच्याकडे "तुम्ही योग्य अर्ज भरलाच नाही" हेच पालुपद. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासाठी १५ दिवसांची मुदत बजावणारे हेच लोक रुग्णालयात बसलेल्या माणसाकडे "फक्त एक छोटासा अहवाल" मागतात आणि तो कामावर परतला की वार्षिक मूल्यमापनात 'उपलब्धता कमी' असा शेरा मारून मोकळे होतात. घेतलेली रजा कर्मचाऱ्याच्या विरोधात वापरण्यास याच कायद्याने बंदी आहे, हे त्यांना कोणी सांगायचे?