फोन हॅक करून घ्यायचाय? आमच्या सोसायटीत या

लोकांना उगाच वाटतं की फोन हॅक व्हायला कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसलेला लय हुशार पोरगा लागतो. छे हो. घोडबंदर रोडवर एक फ्लॅट, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि उजव्या हाताचा अंगठा, एवढ्यात भागतं. मागच्या आठवड्यात आमच्या घरी झालंय, अनुभवातून सांगतोय.

स्क्रीन लॉकला गाडीचा नंबर ठेवा. विसरलात तर खिडकीतून खाली बघता येतं.

अपडेट आलं की 'नंतर' दाबा. आमच्याकडे 'नंतर' दिवाळीपासून चालू आहे.

हेरगिरीला मात्र घाबरायचंच. 2021 मध्ये पेगॅससच्या बातम्या आल्या तेव्हापासून बी विंगच्या एका काकांनी सेल्फी कॅमेऱ्यावर काकूंची टिकली चिकटवलीये. ते इस्रायली सॉफ्टवेअर, बनवणारी कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो, आणि काकांच्या फोनमध्ये बघण्यासारखं काय तर सुप्रभातचे गुलाब. पण असो. याच काकांनी टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, माइक सगळं देऊन टाकलंय. टॉर्चला माइक कशाला? अंधारात हाका मारायला असेल.

कुरियरवाला म्हणाला 'स्टार 21 स्टार लावून हा नंबर डायल करा', तर लगेच करा. तुमचे कॉल परस्पर त्याच्याकडे जातात, उचलायची कटकट नाही.

आणि आता खरी वस्तू, एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाइल. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर एका मेंबरच्या नंबरवरून आली, नाव 'ई-चलन', खाली मेसेज की तुमच्या गाडीने वेगमर्यादा ओलांडलीये. घोडबंदरला! वेगमर्यादा! अहो संध्याकाळी सातला गायमुख ते कापूरबावडी माणूस चालत आधी पोचतो, तिथे आमच्या बाबांची स्कूटर कसली वेगमर्यादा ओलांडतेय, इथेच हसून फोन खाली ठेवायला हवा होता. पण नाही. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, टाकू का? अलाऊ. धोकादायक असू शकतं, तरी टाकू? अलाऊ. एसएमएस वाचू देऊ? अलाऊ, अलाऊ! कोथिंबिरीची जुडी तीनदा उलटीपालटी करून घेणारा माणूस, त्याने तीस सेकंदात अख्खा फोन देऊन टाकला. एकदा एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी तुमच्या आधी त्यांना दिसतो, ॲपचं चित्र स्क्रीनवरून गायब होतं आणि तुम्हाला वाटतं फाइल उघडलीच नाही. रात्री तीन हप्त्यांत 62 हजार गेले. वर बाबांच्या नंबरवरून तेच चलन सगळ्या नातेवाइकांना गेलं, कोपरखैरण्याच्या मावशीलासुद्धा, जिच्याकडे सायकलपण नाही. तिने फोन करून विचारलं, "भावजी, मला कसलं चलन आलंय?" कधी विचारलं? उघडून झाल्यावर.

रविवारी बाबांनी ग्रुपवर लिहिलं, ती फाइल कोणी उघडू नका, माझे पैसे गेलेत. तेव्हा मग एकेक जण उगवले. 'आमच्याकडेपण असंच झालं.' 'माझे शुक्रवारीच गेले.' शुक्रवारी? शुक्रवारी गेले आणि तुम्ही शनिवारी दिवसभर पाण्याच्या टँकरवरून भांडत होतात? ज्यांच्या नंबरवरून फाइल आली त्यांनाही माहीत होतं, म्हणे लोक काय म्हणतील. अहो लोक हसले असते, दोन दिवस हसले असते, बस. एक ओळ टाकायची होती, 'माझा फोन गेलाय, काही आलं तर उघडू नका'. पार्किंगमध्ये कोणाचं टायर पिवळ्या रेषेवर आलं तर फोटो काढून लाल बाण मारून टाकता ना, तेव्हा कशी बोटं चालतात?

आणि बाबा, तुम्हीपण. पैसे गेल्याचे मेसेज तुम्ही रात्री बाराला बघितलेत, मला सांगितलंत सकाळी सातला, चहा घेताना, तेही आई स्वयंपाकघरात गेल्यावर. सात तास. तेव्हाच नेट बंद करून 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडकवता आले असते, आम्ही लावला तोपर्यंत ते तिथून पुढे कुठे कुठे फिरून आले होते. मी ओरडेन म्हणून नाही सांगितलंत ना? ओरडलोच असतो. पण फोन आधी लावला असता.

ती फाइल ग्रुपवर अजून तशीच आहे. ॲडमिन, ती तरी डिलीट करा.