रोमा भटकतात की हाकलले जातात?

काल पारावर चहा यायच्या आधीच वादाला तोंड फुटलं. महेश लेकीकडे महिनाभर जर्मनीत राहून आलाय. म्हणाला, "स्टेशनाबाहेर ते जिप्सी बसलेले असतात. भटकणं रक्तातच आहे त्यांच्या. घर दिलं तरी टिकायचे नाहीत."

मला राहवलं नाही. "आधी रोमा म्हण. ते इजिप्तहून आले असा युरोपात समज झाला, त्यातून 'जिप्सी' हे नाव पडलं. मूळ त्यांचं आपल्या देशात."

"म्हणजे आपले बंजारे?" सुनीलने विचारलं. असं सगळेच म्हणतात, पण त्याला भक्कम आधार नाही. आधार आहे तो भाषेचा. मी बोटांवर मोजून दाखवलं: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. सुनील मान डोलावत होता. पुढचं एफ्ता, ओख्तो, एन्या ऐकून थबकला. हे तीन आकडे ग्रीक. दहाला परत आपल्या 'दश'सारखं 'देश'. ग्रीक बोलणाऱ्यांत पिढ्यान्पिढ्या राहिल्याशिवाय कुणी सात-आठ-नऊ उसने घेईल का? पाणी त्यांचंही पानीच, नाक-कान तसेच, मीठ म्हणजे लोन. 'लोणचं' आठवून अण्णा खुलले. मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली, त्यांनी लगेच विचारलं, "नपुंसकलिंग आहे का रे त्यांच्यात?" नाही. आपण 'ते झाड' म्हणतो, त्यांच्याकडे दोनच लिंगं, हिंदीसारखी. उत्तरेच्या भाषांतून नपुंसकलिंग गळालं त्यानंतर, म्हणजे इ. स. १००० च्या आसपास, ते निघाले असावेत, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ यावरूनच मानतात.

"मग आले ते भटकतच ना?" महेश हटेना.

अरे, आजच्या रुमानियात, म्हणजे तेव्हाच्या वालाकिया-मोल्दावियात, रोमा गुलाम होते. राजाचे, मठांचे, जमीनदारांचे. जवळपास पाच शतकं. सुटका झाली १८५५-५६ मध्ये. गुलामाला कुठली आलीय भटकंती? सुटल्यावर कितीतरी कुटुंबं पश्चिमेकडे गेली.

आणि जे घर करून राहिले त्यांचं काय झालं? स्पेनमध्ये १७४९ च्या जुलैत राजाच्या हुकमाने एकाच वेळी धरपकड झाली, सुमारे नऊ हजार रोमा पकडले. त्यांत बहुतेक स्थायिक झालेले होते, कारण त्यांचे पत्ते सरकारला ठाऊक होते! नाझींनी तर वस्त्यावस्त्यांत माणसं पाठवून आधी वंशावळी लिहून घेतल्या. मग छावण्या. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्समध्ये चार हजारांहून जास्त रोमा मारले, मुलाबाळांसकट.

चहा आला होता. कुणी उचलला नाही.

"तरी जनगणनेत दिसतात ना?" सुनील.

रुमानियाच्या २०२१ च्या जनगणनेत रोमा भरले सुमारे ५ लाख ७० हजार. युरोप परिषदेचा अंदाज साडेअठरा लाखांच्या घरात. यादीत नाव गेलं की काय होतं हे ज्या घराने पाहिलंय, ते घर गणनेच्या माणसाला काय सांगेल? मी असतो तर मीही लपवलं असतं.

महेश बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मी डोळ्यांनी पाहिलं ना स्टेशनावर."

"किती होते?"

"चार-पाच."

"आणि युरोपभर आहेत कोटीच्या आसपास. बहुतेक सगळे चार भिंतींत राहतात. उत्तर मॅसेडोनियात स्कोपियेजवळ शुतो ओरिझारी म्हणून अख्खी नगरपालिका आहे, तिथे बहुसंख्य रोमाच. १९६३ च्या भूकंपानंतर वसली, अजून तिथेच आहे."