नायक शास्त्रज्ञच हवा

प्रेम, लग्नाबाहेरचं लफडं आणि आकर्षणाचं विज्ञान या तिन्ही गोष्टी एकत्र आणून मराठीत कोणीतरी एक फर्मास विनोदी कादंबरी लिहावी, अशी माझी बऱ्याच दिवसांची मागणी आहे. मी स्वतः लिहिणार नाही. एक तर मला संवाद जमत नाहीत, आणि दुसरं म्हणजे सासर-माहेरच्या लोकांना प्रत्येक पात्रात कोणी ना कोणी ओळखीचं दिसणार. पण मुलांना जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली असल्यामुळे कच्चा माल मात्र भरपूर देऊ शकते. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

पहिली अट अशी की नायक शास्त्रज्ञच हवा. कवी नको, चित्रकार तर नकोच नको. कवी घसरला तर लोक म्हणतात, चालायचंच. शास्त्रज्ञ घसरला की तो खुलासा देतो, आणि सगळी गंमत त्या खुलाशात आहे. पूर्वी माणूस वाहवला की त्याची आई म्हणायची, संगत वाईट. काकू म्हणायची, ग्रह फिरलेत. आता तो स्वतःच म्हणतो, डोपामाइन. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पुरुषाचा मेंदूच तसा घडलाय' छापाचे संदेश पाठवणाऱ्या काकांना मेंदूतला अमिग्डाला कुठल्या बाजूला असतो ते विचारून बघा. पण त्याच्यावर खापर फोडायला त्यांना अडचण येत नाही.

तर आपला नायक प्रोफेसर आहे, उत्क्रांतिशास्त्र शिकवतो, विभागातल्या नव्या सहकारी बाईंवर भाळलाय आणि घरी पकडला गेलाय. तो काय म्हणेल? तो म्हणेल, बेटमन. ए. जे. बेटमन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९४८ साली फळमाश्यांवर एक प्रयोग केला. बाटल्यांत थोडे नर, थोड्या माद्या. प्रत्येक माशीत वेगळी खूण दिसेल असं उत्परिवर्तन, म्हणजे कोणाचे पंख मुडपलेले, कोणाचे डोळे निराळे, जेणेकरून कुठलं पिल्लू कोणाचं ते ओळखता यावं. निष्कर्ष असा निघाला की नराला जितक्या जास्त माद्या तितकी जास्त संतती, मादीला मात्र एकापेक्षा जास्त नरांचा फारसा फायदा नाही. त्यावर १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त उभारला, तो पाठ्यपुस्तकांत गेला, आणि तिथून 'पुरुष म्हणजे भ्रमर' हे जुनंच सुभाषित नवा शर्ट घालून बाहेर आलं. प्रोफेसरसाहेब एका बाटलीतल्या माश्यांच्या जिवावर दिवाणखान्यात उभे राहून बायकोला सांगताहेत की यात वैयक्तिक असं काही नाही.

आता दुसरी अट. बायको रडणार नाही, ताटही आपटणार नाही. ती पुढचा पेपर वाचेल.

पुढचा पेपर २०१२चा आहे. पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटमनचा प्रयोग त्याच पद्धतीनं पुन्हा केला. झालं होतं असं, की ज्या पिल्लांना आई आणि बाप दोघांचीही खूण वारशानं मिळाली, त्यांतली पुष्कळशी मोजणी व्हायच्या आधीच मरत होती. म्हणजे ज्यांचे दोन्ही पालक खात्रीनं ओळखता आले असते नेमकी तीच पिल्लं गायब. त्यामुळे हिशेबच वाकडा. बेटमनच्या आकड्यांत तर बाप म्हणून झालेल्या नोंदी आई म्हणून झालेल्या नोंदींपेक्षा जास्त निघत होत्या. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप असतो, हे आमच्या सातवीच्या मुलांनाही ठाऊक असतं. तरी साठाहून जास्त वर्षं ही बेरीज कोणाच्या डोळ्याला फारशी टोचली नाही. का टोचली नाही, यावर बायकोच्या तोंडी दोन पानांचं स्वगत घालता येईल. मी घातलंच असतं.

माझ्या डोक्यातली कादंबरी अशीच चालते. प्रत्येक प्रकरणात नवरा एक संशोधन काढतो, बायको त्याच्या पुढचं काढते. आणि हे मला कल्पनेनं रचावं लागत नाही, या क्षेत्राचा खराखुरा इतिहासच असा आहे.

व्होल घ्या. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला उंदरासारखा छोटा प्राणी. इलिनॉयमध्ये १९७०च्या दशकात लोवेल गेट्झ यांनी पिंजरे लावले तर तीच नर-मादीची जोडी पुन्हा पुन्हा एकत्र सापडायला लागली. मग सू कार्टर आणि पुढे लॅरी यंग यांच्या संशोधनातून जोडी जमण्याशी संबंध दिसलेल्या ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन या दोन संप्रेरकांची नावं घराघरांत गेली. २००४ साली तर कहर झाला. याच प्राण्याचा एक भाऊबंद, कुरणातला व्होल, फिरत्या वृत्तीचा. त्याच्या मेंदूच्या एका भागात व्हासोप्रेसिनच्या ग्राहकाचं (म्हणजे पेशीवर ते संप्रेरक पकडणाऱ्या रेणूचं) जनुक जास्तीचं घातलं, तर गडी एका मादीजवळ रमायला लागला! वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? निष्ठेचं जनुक सापडलं म्हणून जगभर मथळे. हे प्रकरण प्रोफेसर नाही, बायको सुरू करेल, हा माझा आग्रह आहे. ती शांतपणे विचारेल, याची लस कधी येतेय?

मग प्रोफेसर उसळून दुसरी बाजू मांडेल. गवताळ व्होलची जोडी टिकते, बिळात संसारही एकत्र चालतो, पण डीएनए तपासले तर काही पिल्लांचे बाप शेजारचे निघतात. म्हणजे जगातला आदर्श नवरा म्हणून ज्याची छायाचित्रं छापली तोही अधूनमधून बांध ओलांडतोच. प्रोफेसर खूश. पण २०२३ साली आणखी एक धक्का बसला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुक-संपादन करून व्होलमधले ऑक्सिटोसिनचे ग्राहकच काढून टाकले, तरीही प्राणी जोड्या जमवत राहिले. ज्या 'प्रेमाच्या संप्रेरकावर' इतकी पुस्तकं खपली त्याच्या ग्राहकावाचून संसार सुरूच. आता या दोघांनी काय करायचं? मला वाटतं इथे दोघं पहिल्यांदा एकत्र हसतील. नाही हसले तर ती कादंबरी माझी नाही.

पक्ष्यांचं मी थोडक्यात आटोपते. डेव्हिड लॅक यांनी १९६८मध्ये लिहून ठेवलं होतं की नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी एकपत्नी. १९८४मध्ये लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे घेण्याची युक्ती सापडली, लोकांनी ती घरट्यांवर वापरली आणि शेजाऱ्यांची अब्रू गेली. इटलीतल्या पिसामध्ये प्रेमात पडलेल्यांचं रक्त तपासलं तर सेरोटोनिन या रसायनाच्या बाबतीत ते मंत्रचळ (ओसीडी) लागलेल्या रुग्णांसारखं निघालं. त्या संशोधनाला २००० साली हास्यास्पद शोधांचं इग नोबेल मिळालं. बर्नमध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांना दोन रात्री एकच टीशर्ट घालून झोपवलं आणि मुलींना ते हुंगायला लावले. ज्यांची रोगप्रतिकारक जनुकं आपल्यापेक्षा वेगळी त्यांचा वास मुलींना जास्त आवडला, असं १९९५ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासांत कधी तसं दिसलं, कधी नाही. मे महिन्यात विरार लोकलमध्ये चढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं या प्रयोगातून आधीच माघार घेतली असती.

पण कादंबरीतला माझा सगळ्यात लाडका प्रसंग पुलाचा. व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे. अरुंद, लांबलचक, खाली दोनशे फुटांहून खोल दरी, आणि पाय टाकला की हलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन यांनी तिथे एक देखणी मुलगी उभी केली. पुलावर आलेल्या एकट्या तरुणांना ती थांबवायची, प्रश्न विचारायची, एका चित्रावरून गोष्ट लिहायला सांगायची आणि शेवटी फोन नंबर द्यायची. तोच प्रकार जवळच्या एका भक्कम, बुटक्या पुलावरही. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. १९७४ साली निष्कर्ष छापला गेला की छाती भीतीनं धडधडते आणि माणसाला वाटतं ती मुलीमुळे.

आता कल्पना करा. प्रोफेसर हा पेपर वाचून सहकारी बाईंना विभागाच्या सहलीचं निमित्त करून रायगडाच्या रोपवेत बसवतात. शास्त्रशुद्ध बेत. पाळणा वर निघतो, वारा सुटतो, आणि प्रोफेसरांना स्वतःलाच उंचीची भीती वाटते. शिवाय त्या बाई आहेत संख्याशास्त्राच्या. त्या अर्ध्या वाटेत विचारतात, "सर, अठरा आणि सोळा माणसांवर तुम्ही एवढं मोठं अनुमान काढताय? झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धाडसी नसतील कशावरून?" प्रोफेसर उत्तर द्यायच्या अवस्थेत नसतात. (ही शंका रास्त आहे. डटन-एरनना ती सुचली होती, म्हणून त्यांनी पुढे वेगळे प्रयोगही केले.)

इथे कोणीतरी म्हणेलच, की बाई, एका संसाराची वाट लागतेय आणि तुम्हाला विनोद सुचतोय. अगदी खरं आहे. या विषयावरच्या मराठीतल्या सगळ्यात गाजलेल्या विनोदी कृतीनं ही अडचण फार हुशारीनं टाळलीय. देवलांचं 'संशयकल्लोळ'. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६०चं प्रहसन, इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे आलं, १८९३ला गद्यात 'फाल्गुनराव' म्हणून आणि १९१६ला संगीत होऊन. अख्खं नाटक बाहेरख्यालीपणावर आहे आणि नाटकात बाहेर कोणीच जात नाही! फाल्गुनरावाचा कृत्तिकेवर संशय, कृत्तिकेचा फाल्गुनरावावर, अश्विनशेठचा रेवतीवर, आणि सगळे निर्दोष. कोणाला खरी जखमच नाही, म्हणून आपण मोकळेपणानं हसतो. फाल्गुनरावाच्या हाती पुरावा काय, तर एक तसबीर. तसबीर खरी असते, तिच्यावरून त्यानं काढलेलं अनुमान सपशेल चूक असतं. माझा प्रोफेसर त्याचाच वंशज आहे. फळमाशी खरी, व्होल खरा, पूलही खरा. त्यावरून 'म्हणून मी काल रात्री उशिरा आलो' इथपर्यंतची उडी त्याची स्वतःची.

फरक इतकाच की माझ्या कादंबरीत तो खरोखर गेलेला असावा. गैरसमज होता म्हणून शेवटी सगळं मिटवून टाकायची सोय नको. जखम खरी असून हसवता येतं का, हीच लेखकाची परीक्षा. माझं मत असं की येतं, पण ज्याची फसवणूक झाली त्याला हसायचं नाही. आपल्याकडच्या कितीतरी विनोदांत संशयी बायको लाटणं घेऊन उभी असते आणि लोक तिलाच हसतात. हसायचंच तर जो सापडला त्याला हसा, आणि तो सबबी शोधत असतानाच हसा.

सबबींच्या बाबतीत कायदाही मागे नाही. भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ आठवतंय? परक्या माणसाच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. नवऱ्यानं संमती दिली तर गुन्हाच नाही. आणि नवरा बाहेर गेला तर बायकोला या कलमाखाली तक्रारीची सोय नाही. १९५४ साली युसुफ अब्दुल अझीझ विरुद्ध मुंबई राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा व्यभिचाराचा आरोप असलेल्या माणसाचा युक्तिवाद काय होता, तर फक्त पुरुषाला शिक्षा म्हणजे समानतेचा भंग! हे मी रचलं असतं तर संपादकानं काट मारली असती. न्यायालयानं तेव्हा ते मान्य केलं नाही. कलम शेवटी २७ सप्टेंबर २०१८ला रद्द झालं. घटस्फोटासाठी मात्र व्यभिचार हे कारण आजही चालतं, हे प्रोफेसरांच्या बायकोला पक्कं ठाऊक असतं.

राहता राहिली ती दुसरी बाई. तिला कृपा करून मोहिनी करू नका, आणि शेवटच्या प्रकरणात पश्चात्तापानं नोकरी सोडून दूर गावीही धाडू नका. रोपवेतून उतरल्यावर प्रोफेसर चेहरा धुवायला गेलेले असताना ती त्यांच्या बायकोला फोन करते आणि बेटमनच्या मूळ तक्त्यांची प्रत मागते, असं मला दिसतंय. पुढचं संवाद जमणाऱ्यानं लिहावं. कोणी मनावर घेतलं तर इनबॉक्समध्ये या, माश्यांचे संदर्भ मी तपासून देईन. फक्त प्रोफेसरांना टीशर्ट घालून झोपवू नका, ते प्रकरण वाचकाला सोसणार नाही.